दुसऱ्या कंत्राटदाराला काम मिळवून देताना कमिशन कसं ठरवावं आणि कसं घ्यावं : बेळगाव सीमाभागातल्या कंत्राटदारांसाठी

दिवाळी झाली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बांधकामाचा हंगाम सुरू होतो आणि पावसाच्या तोंडापर्यंत चालतो. या काळात आरसीसी (सिमेंट-लोखंडाचं मुख्य बांधकाम) करणाऱ्या प्रत्येकाला मालकांकडून तेच ते प्रश्न येतात. पेंटर कोण चांगला? गेट आणि ग्रील कुणाकडे टाकू? भावाच्या घराचा टेरेस गळतोय, कुणी आहे का तुमच्या ओळखीचं? आपण मोबाइल काढतो, नंबर देतो आणि विसरून जातो. त्या नंबरावर समोरच्याला लाख-दीड लाखाचं काम मिळतं. काम बिघडलं की मात्र मालकाचा फोन आपल्यालाच येतो.

दुसऱ्या टोकाचेही आहेत. पेंटरला सांगायचं, "चौरस फुटाला दोन रुपये चढवून सांग, वरचे माझे." मालकाला पत्ता नाही. पण पेंटर पंधरा दिवस त्या घरात असतो, रोज दोन वेळा मालकिणीच्या हातचा चहा पितो, आणि कधी ना कधी बोलून जातो. मग पुढचा मजला चढवताना मालक दुसऱ्या कंत्राटदाराला बोलावतो आणि आपल्याला कारणही कळत नाही.

माझं मत ठाम आहे. ओळख करून देण्याचे पैसे घ्यावेत. माणूस पारखून ठेवायला आपली वर्षं गेलेली असतात, आणि मालकाचा विश्वास ही आपली कमाई असते. फक्त ते पैसे मालकाला सांगून, लेखी ठरवून आणि बँकेतून घ्यावेत. ते कसं करायचं, ते पुढे क्रमाने देतो.

आधी ठरवा, तुम्ही देणार काय

ओळखीच्या नावाखाली तीन वेगळे व्यवहार चालतात आणि बहुतेक भांडणं ते एकत्र केल्याने होतात.

पहिला, नुसती ओळख. दोघांची गाठ घालून दिली, पुढे दर, मुदत, पैसे त्यांचं त्यांनी बघायचं. दुसरा, ओळख आणि देखरेख. अधूनमधून साइटवर जायचं, काम बघायचं, मालकाच्या तक्रारी ऐकायच्या. तिसरा, काम आपल्या नावावर घेऊन पुढे उक्तं देणं. यात मालक पैसे आपल्याला देतो आणि आपण पेंटरला.

तिसऱ्याला कमिशन म्हणू नका, ते सरळ पोटकंत्राट आहे. काम बिघडलं तर मालकापुढे जबाबदार तुम्ही, आणि बिलाची पूर्ण रक्कम तुमच्या उलाढालीत धरली जाते. पहिल्या दोन प्रकारांत फक्त कमिशनची रक्कम तुमची उलाढाल. जीएसटी नोंदणीच्या 20 लाखांच्या मर्यादेजवळ असलेल्यांसाठी हा फरक मोठा आहे. दीड लाख मजुरीचं पेंटिंग आपल्या नावावर घेतलं तर दीड लाख धरले जातात, ओळख करून दिली तर 5 टक्क्यांनी साडेसात हजार.

कुणाचं नाव द्यायचं

इथे घाई करू नका, बाकी सगळं यावर उभं आहे. भीडेपोटी कुणाचं नाव देऊ नका. मेहुणा असो, गल्लीतल्या मंडळाचा कार्यकर्ता असो, ज्याचं काम स्वतः डोळ्यांनी पाहिलं नाही त्याचं नाव तुमच्या तोंडून जाता कामा नये.

प्रत्येक कामाला एक, फार तर दोन माणसं पक्की करा. वॉटरप्रूफिंग, वायरिंग, प्लंबिंग, फरशी, रंग, फॅब्रिकेशन, फॉल सीलिंग, सुतारकाम, बोअर. सगळ्यांची यादी एका दिवसात भरणार नाही, भरूही नका. ज्या कामाचा माणूस नाही, तिथे मालकाला "माझ्याकडे खात्रीचा माणूस नाही" असं स्पष्ट सांगा.

पारखायचं कसं, तर त्याच्या चालू साइटवर न सांगता जा. फरशीवाल्याचं बघायचं असेल तर बसवलेल्या फरशीवर नाण्याने टकटक करत खोलीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जा. खाली माल नीट भरलेला असेल तर आवाज भरीव येतो, पोकळी असेल तर लगेच बदलतो. कोपऱ्यातल्या आणि दरवाजाखालच्या फरशा नक्की वाजवा, घाई तिथेच केलेली असते.

वॉटरप्रूफिंगवाला पारखायला त्याची पाण्याची चाचणी बघा. खानापूर-चंदगडच्या बाजूला पाऊस असा लागून पडतो की कच्चं काम पहिल्याच महिन्यात उघडं पडतं. चांगला माणूस काम झाल्यावर पाइपांची तोंडं बंद करून टेरेसवर पाणी तुंबवतो आणि निदान 48 तास ठेवतो. पाणी भरलं की पॅरापेटच्या (टेरेसच्या कठड्याच्या) आतल्या बाजूला पेन्सिलीने रेघ मारा. दुसऱ्या दिवशी पातळी बघा. उन्हाने थोडं पाणी उडणारच, पण पातळी बोटभर उतरली तर काहीतरी चुकलंय. मग खाली जाऊन छताला हात लावून बघा, विशेषतः पावसाचा पाइप जिथून उतरतो तिथे आणि भिंत-स्लॅबच्या सांध्याला. ओल डोळ्यांआधी हाताला कळते. जो ही चाचणी टाळतो आणि "गरज नाही हो, गॅरंटी आहे" म्हणतो, त्याला यादीत घेऊ नका.

वायरमनचं काम दिसायला कितीही नेटकं असो, सरकारचा विद्युत कंत्राटदार परवाना विचारा आणि त्याची प्रत मोबाइलमध्ये ठेवा. मीटर घेताना हेस्कॉमला (इथल्या वीज कंपनीला) लागणारे कागद परवानाधारकाच्याच सहीने जातात. दुसऱ्याच्या परवान्यावर काम करणारे बरेच आहेत. तसं असेल तर सही कुणाची, आणि तो माणूस साइटवर फिरकतो का, हे विचारून घ्या.

काम बघून झालं की त्याच्या आधीच्या दोन मालकांशी बोला. "काम कसं केलं?" असं विचारलंत तर "बरं केलं" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा, "काम संपल्यावर काही बिघडलं तेव्हा बोलावल्यावर किती दिवसांनी आला?" खरी माहिती या प्रश्नावर मिळते. आणखी एक, तो मजुरांना वेळेवर पगार देतो का ते त्याच्या मजुरांकडूनच ऐका. उचल घेऊन ती दुसऱ्या साइटवर फिरवणारा माणूस तुमच्या मालकाचं काम अर्ध्यावर सोडणार.

मालकाला कसं सांगायचं

बहुतेकांना याचीच भीती वाटते, आणि ती विनाकारण आहे. टिळकवाडीतल्या एका निवृत्त शिक्षकांशी झालेलं बोलणं नमुन्यादाखल देतो.

"सर, हा पेंटर मी चार घरांत वापरलाय. त्याला काम दिलंत तर तो मला त्याच्या मजुरीवर पाच टक्के देतो, हे आधीच सांगून ठेवतो."

"म्हणजे माझा दर वाढणार?"

"नाही. तो सगळ्यांना देतो तोच दर तुम्हाला. तरी तुम्ही बाहेरून आणखी दोन दर घ्या आणि मग ठरवा."

"आणि काम बिघडलं तर?"

"त्याला परत बोलावून आणायची जबाबदारी माझी. दुरुस्तीचा खर्च त्याचा, हे त्याच्याकडून लिहून घेतलंय."

सरांनी दुसरे दर घेतलेच नाहीत. दर घ्यायला मोकळीक आहे म्हटल्यावर माणूस निवांत होतो. तोंडी बोलल्यावर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका: "सर, ठरल्याप्रमाणे पेंटरचा नंबर पाठवतोय. काम ठरल्यास तो मला मजुरीच्या 5 टक्के कमिशन देईल. दर आणि व्यवहार तुमच्या दोघांत थेट." मालकाने "ओके" पाठवलं की झालं.

मालकाचा नंबर पेंटरला देण्याआधी मालकाला विचारा. विचारल्याशिवाय नंबर वाटला तर दोन दिवसांत चार जणांचे फोन जातात आणि राग तुमच्यावर निघतो.

या भागात आपली एक जमेची बाजू आहे, तिचा पुरेपूर उपयोग करा. मालक कन्नड बोलणारे, गवंडी मराठी, फॉल सीलिंगवाला हिंदी, असं चित्र अनेक साइटवर असतं. पहिल्या भेटीला स्वतः हजर राहून काय ठरलं ते दोघांना त्यांच्या भाषेत सांगा. दर मजुरीचा की मालासकट, स्कॅफोल्डिंग कुणाचं, कचरा कोण उचलणार, एवढं तिथेच स्पष्ट झालं की निम्मी भांडणं टळतात. कमिशनचं खरं मोल मला त्या अर्ध्या तासात दिसतं.

कमिशन किती आणि कशावर

सरकारी दर काही नाही. माझा हिशेब असा: नुसत्या ओळखीला लहान कामावर मजुरीच्या 5 टक्के आणि काही लाखांच्या कामावर 2 ते 3 टक्के. देखरेख करायची असेल तर ती वेगळी ठरवा आणि ती शक्यतो मालकाकडून घ्या, कारण देखरेख तुम्ही त्याच्यासाठी करता.

टक्के मालावर लावू नका. फॅब्रिकेटरच्या बिलात लोखंडाचा भाग मोठा असतो आणि त्यात त्याला फारसं सुटत नाही. पूर्ण बिलावर 5 टक्के मागितले तर तो ते पातळ पाइप वापरून भरून काढणार आणि भोगणार मालक. मजुरीची रक्कम वेगळी निघत नसेल तर ठरावीक आकडा ठरवा.

जीएसटी सोडून कमिशन काढा, आणि समोरच्याला पैसे मिळतील तसंच घ्या. समजा वॉटरप्रूफिंगची मजुरी 72,000 रुपये. 5 टक्के म्हणजे 3,600. मालकाने 30 टक्के आगाऊ दिले, म्हणजे 21,600, त्यातून तुम्हाला 1,080. काम संपल्यावर 50 टक्के, 36,000, त्यातून 1,800. उरलेले 14,400 पाण्याची चाचणी झाल्यावर, त्यातून 720. सगळं कमिशन आगाऊ घेतलंत तर त्याच्या हातात माल आणायला पैसा राहत नाही, आणि काम चांगलं होण्यात तुमचाही रस संपतो. शेवटचे 720 चाचणीवर अडकलेले असले की तुम्हीही चाचणी बघायला जाता.

कागद

अर्ध्या पानाचा करार पुरतो. मोठं काम असेल तर ई-स्टँपवर करा, लहान असेल तर साध्या कागदावर दोघांच्या सह्या घेऊन फोटो काढून ठेवा. मजकूर साधारण असा:

"आपण (कंत्राटदार अ) ज्या मालकाची ओळख करून द्याल, त्याच्या कामाच्या मजुरीवर, जीएसटी वगळून, 5 टक्के कमिशन मी (कंत्राटदार ब) देईन. मालकाकडून रक्कम जमा झाल्यापासून 7 दिवसांत त्या प्रमाणात बँकेतून देईन. मालकाला या कमिशनची कल्पना आहे. कमिशनसाठी मालकाचा दर वाढवणार नाही. त्याच मालकाचं 12 महिन्यांत दुसरं काम मिळाल्यास त्यावरही हाच दर लागू राहील, नंतर नाही. कामातला दोष माझ्या खर्चाने दुरुस्त करीन. मालकाने माझे पैसे बुडवल्यास त्या रकमेवर कमिशन देय नाही. वाद झाल्यास बेळगाव येथील न्यायालय."

यातली 12 महिन्यांची अट माझ्या मते फार महत्त्वाची. मुदत घातली नाही तर तुम्ही जन्मभर हक्क सांगत राहता आणि समोरचा लपवायला लागतो. मालकाने पुढे आपल्या शेजाऱ्याला त्याचं नाव दिलं तर ती त्याच्या कामाची कमाई, तिच्यावर हात ठेवू नका.

समोरच्याला मराठी वाचता येत नसेल तर हाच मजकूर कन्नडमध्ये करून दोन्ही प्रतींवर सह्या घ्या. न वाचता केलेली सही भांडणात कामाची नाही. आणि एक वही ठेवा: तारीख, मालक, कुणाला दिलं, काम किती रुपयांचं, आलेलं कमिशन, बाकी.

कर: इथे नीट लक्ष द्या

सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की कर्नाटकात जीएसटी नोंदणी लागते. या 20 लाखांत तुमची बांधकामाची बिलं आणि कमिशन दोन्ही धरतात. नोंदणी असेल तर कमिशनवर 18 टक्के जीएसटी लावून बिल द्यावं लागतं.

देणारा मोठा असेल, म्हणजे कंपनी किंवा फर्म, किंवा आदल्या वर्षी धंद्याची उलाढाल 1 कोटीच्या वर गेलेली व्यक्ती, तर वर्षाचं कमिशन 20,000 रुपयांच्या वर गेल्यावर तो 2 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापतो. पॅन दिला नाही तर 20 टक्के कापला जातो. तेव्हा पॅन पहिल्या दिवशीच द्या.

आता ज्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं ते. आपल्यातले अनेक जण आयकर भरताना हिशेबाच्या वह्या न ठेवता उलाढालीच्या 8 टक्के, आणि बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के, नफा धरून विवरणपत्र भरतात. जुन्या कायद्यातलं 44 एडी ते हेच. 2025 च्या नव्या कायद्यात कलमाचा आकडा बदललाय. कमिशन किंवा दलालीचं उत्पन्न असणाऱ्याला ही सवलत घेता येत नाही, असं त्याच कलमात आहे. म्हणजे चाळीस लाखांचं बांधकाम करणाऱ्याने वीस हजारांचं कमिशन घेतलं तर त्या सवलतीवरच प्रश्न येऊ शकतो. टीडीएस कापला गेला की कमिशन आयकर खात्याच्या नोंदीत दिसतंच. म्हणून पहिलं कमिशन घेण्याआधी सीएकडे जा आणि नेमकं हेच विचारा. वर्षाला चार-पाच हजारच सुटणार असतील तर पैसे न घेता कामाची देवाणघेवाण करणं जास्त परवडतं: मी तुला पेंटिंग देतो, तू मला आरसीसी दे. मालकाला सांगण्याचा नियम मात्र तिथेही तोच.

चंदगड, गडहिंग्लज, गोवा

आपली कामं सीमा बघून येत नाहीत. शिनोळीतल्या कारखान्याची शेड, गडहिंग्लजचं घर, गोव्यातला फ्लॅट, सगळीकडे बेळगावची माणसं जातात. सेवा राज्याबाहेर दिली एवढ्यावरून 20 लाखांच्या आत जीएसटी नोंदणी सक्तीची होत नाही. माल विकणाऱ्याचा नियम वेगळा आहे, त्याला दुसऱ्या राज्यात माल विकताना नोंदणी लागते, म्हणून हार्डवेअरचं दुकानही चालवणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी वेगळ्या समजून घ्याव्यात. नोंदणी असेल तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा) लावायचा की सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातल्या व्यवहाराचा), हे जागा कुठे आहे यावरही अवलंबून असतं. बिल करण्याआधी विचारा.

वायरिंगचं काम पलीकडे पाठवताना जास्त जपा. विद्युत कंत्राटदाराचा परवाना राज्य सरकार देतं. शिनोळी महाराष्ट्रात येते आणि वीज महावितरणची आहे, तिथे महाराष्ट्राचा परवाना असलेल्याचंच नाव द्या.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉप चालवणाऱ्यांनाही हीच पद्धत लागू पडते. आपलं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) कामाने भरलेलं असताना ग्राहकाला शेजारच्या शॉपकडे पाठवणं रोजचं आहे. तिथे एकच गोष्ट जास्त: ग्राहकाचं ड्रॉइंग त्याच्या परवानगीशिवाय पुढे पाठवू नका.

कमिशन कुठे घ्यायचं नाही

सरकारी कामात बिलकूल नाही. महापालिका, जिल्हा पंचायत, पाटबंधारे, कुठलंही टेंडर असो, तिथे काम मिळवून देण्यासाठी पैसा फिरला की तो लाचेच्या कायद्यात जाऊ शकतो, आणि 2018 च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो.

आर्किटेक्टला कमिशन देऊ करू नका. त्यांच्या 1989 च्या व्यावसायिक आचारनियमांत काम किंवा ग्राहक मिळवण्यासाठी कमिशन देणं-घेणं निषिद्ध आहे. त्यांच्याशी नातं चांगल्या कामावर ठेवा.

फ्लॅट किंवा प्लॉटला गिऱ्हाईक लावून देणं ही तर वेगळीच गोष्ट. रेरात (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे) नोंदलेल्या प्रकल्पातली विक्री जुळवायला एजंट म्हणून नोंदणी लागते, नसेल तर दिवसाला 10,000 रुपये दंड होऊ शकतो.

मालक माल स्वतः घेत असेल आणि दुकानदार तुम्हाला काही देत असेल, तर तेही मालकाला सांगा किंवा बिलातून कमी करून घ्या.

पैसे अडले तर

आधी बाकीचा हिशेब लेखी पाठवा: कुठलं काम, मालकाने कधी किती दिले, तुमचे किती झाले. बरेचदा समोरचा विसरलेला असतो किंवा त्याचे स्वतःचेच पैसे अडकलेले असतात. मालकाकडून खरंच पैसे आले नसतील तर थांबा, करारात तसंच लिहिलंय. मालकाला मध्ये ओढू नका, समोरच्याचे पैसे रोखून धरायला त्याला सांगू नका. चौकात किंवा मंडळात बोलूही नका. तीच माणसं उद्या तुमच्या साइटवर असतात.

पैसे मिळूनही तो देत नसेल तर पंधरा दिवसांची मुदत लेखी द्या आणि नवी कामं थांबवा. रक्कम मोठी असेल तर वकिलामार्फत नोटीस पाठवा. येणी वसुलीचा दावा लावायला पैसे देय झाल्यापासून 3 वर्षांची मुदत असते. रक्कम दोन-चार हजारांची असेल तर दावा परवडत नाही, ती सोडा. पण त्याचं नाव यादीतून काढा, आणि त्याच्याकडे तुमच्या मालकांची जी कामं चालू आहेत ती पूर्ण होईपर्यंत साइटवर जात राहा, कारण त्या मालकांना शब्द तुम्ही दिलेला आहे.